देशोदेशीच्या आरोग्यसेवकांचे ऑनलाइन निरंतर शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

वैद्यकाची पदवी एकदा पदरात पडली की ती जन्मभर पुरते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मोडीत निघाला. औषधे बदलली, त्यांच्या मात्रा बदलल्या, जंतूंनी जुन्या औषधांना दाद देणे सोडले आणि काल योग्य मानला गेलेला उपचार आज वर्ज्य ठरू लागला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षण घ्यावे अशी अपेक्षा नोंदविली आहे, ती याच जाणिवेतून. परंतु आरोग्यसेवेचा गाडा केवळ डॉक्टरांवर चालत नाही. दूरच्या दवाखान्यात ताप मोजणारी, बाळंतपण करणारी, लस टोचणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्स किंवा गावपातळीवरील आरोग्यसेविका असते. तिला शिकण्यासाठी शहरात पाठवावे तर दवाखाना ओस पडतो. न पाठवावे तर ती वीस वर्षांपूर्वीच्या ज्ञानावरच रुग्ण तपासत राहते.

या पेचातून वाट काढण्यासाठी गेल्या सुमारे चाळीस वर्षांत दूरध्वनी, उपग्रह, संगणक आणि भ्रमणध्वनी या साधनांचा क्रमाक्रमाने वापर झाला. त्या प्रयत्नांचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे. भर मुख्यतः आफ्रिकेवर आहे, कारण हे प्रयोग तेथेच सर्वाधिक झाले. आणि त्यातील एक महत्त्वाचा धागा हैदराबाद शहरातून गेलेला आहे.

दूरध्वनी आणि फिरता उपग्रह

या इतिहासाचा आरंभ इंटरनेटच्या आधीचा आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात वस्ती विखुरलेली आणि हिवाळा कडक. तेथील मेमोरियल विद्यापीठाचे डॉ. मॅक्सवेल हाउस यांनी साध्या दूरध्वनी जोडणीवरून दूरच्या डॉक्टरांना शिकविण्याची पद्धत घरच्या गरजेपोटी बसविली होती. १९८५ च्या सुमारास इंटेलसॅट या उपग्रह संघटनेने आपल्या वाहिन्या शिक्षण व आरोग्यासाठी काही काळ विनामूल्य दिल्या, तेव्हा याच विद्यापीठाने केनियातील नैरोबी आणि युगांडातील कंपाला येथील वैद्यकीय शाळांशी संबंध जोडला. चित्र नाही, केवळ आवाज. आणि त्याच तारेवरून मेंदूच्या विद्युत्-आलेखांची देवाणघेवाण. आजच्या विद्यार्थ्याला हे खेळण्यासारखे वाटेल. पण पद्धत मुळात गरिबीत आणि थंडीत तयार झालेली असल्यामुळे ती कमी खर्चाची होती आणि म्हणूनच दुसऱ्या गरीब मुलखात रुजण्याजोगी होती. पुढच्या काळातील अनेक भपकेबाज योजनांबद्दल असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रयत्न अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड लाउन यांचा. अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांच्या ज्या संघटनेला १९८५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तिचे ते सहसंस्थापक. अवकाशाचा उपयोग शस्त्रांऐवजी आरोग्यासाठी व्हावा या विचाराने त्यांनी ‘सॅटेलाइफ’ ही संस्था काढली. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाने बनविलेला एक छोटा उपग्रह १९९० मध्ये आकाशात गेला. तो खालच्या कक्षेत फिरे आणि एखाद्या ठिकाणावरून दिवसातून मोजक्याच वेळा, तेही काही मिनिटेच, जाई. तेवढ्या अवधीत जमिनीवरील केंद्र आपली पत्रे वर पाठवी आणि आलेली उतरवून घेई. उपग्रह ती पोटात घेऊन पुढच्या देशाकडे जाई. जुन्या काळच्या डाकेच्या हरकाऱ्याचेच हे काम. ‘हेल्थनेट’ या नावाने चाललेल्या या व्यवस्थेतून वैद्यकीय नियतकालिकांतील निवडक मजकूर नियमितपणे आफ्रिकेतील डॉक्टरांपर्यंत पोहोचू लागला. ज्या ग्रंथालयांत नियतकालिकांची वर्गणी कैक वर्षांपूर्वीच थांबली होती, त्यांना याचे मोल होते.

जानेवारी २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांच्या सहकार्याने ‘हिनारी’ योजना सुरू केली आणि गरीब देशांतील संस्थांना हजारो वैद्यकीय नियतकालिके मोफत किंवा अल्प दरात वाचता येऊ लागली. योजना उपयुक्तच होती. तथापि ती वाचणाऱ्यांसाठी होती, आणि वाचणारे म्हणजे विद्यापीठातील अध्यापक व संशोधक. दवाखान्यातील नर्सच्या हाती ती आली नाही.

केनियाच्या नर्सेस

या नर्सचा प्रश्न हाती घेतला तो केनियाने, आणि म्हणून त्या प्रयोगाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. केनियात नर्सचे दोन दर्जे होते. एक प्रमाणपत्रधारक, ज्यांना ‘एनरोल्ड’ म्हणत. दुसरा पदविकाधारक, म्हणजे ‘रजिस्टर्ड’. देशातील बहुसंख्य नर्स पहिल्या दर्जाच्या. एचआयव्ही, औषधाला न जुमानणारा क्षय आणि बदलते हिवतापाचे उपचार यांच्यापुढे त्यांचे जुने शिक्षण अपुरे पडू लागले होते. सुमारे २२ हजार नर्सना पदविकेपर्यंत आणायचे असे केनियाच्या परिचर्या परिषदेने ठरविले. परंतु वर्गात बसवून शिकवायचे म्हटले तर उपलब्ध जागांच्या हिशेबाने या कामाला शंभराहून अधिक वर्षे लागली असती. शिवाय इतक्या नर्स एकाच वेळी खाटांपासून दूर नेणार तरी कशा?

तेव्हा परिषदेने ‘आम्रेफ’ या संस्थेची मदत घेतली. १९५७ साली तीन शल्यचिकित्सकांनी स्थापन केलेली ही नैरोबीची संस्था विमानाने खेड्यापाड्यांत जाणाऱ्या ‘फ्लाइंग डॉक्टर्स’मुळे प्रसिद्ध होती, पत्रद्वारे शिकविण्याचा अनुभवही तिच्या गाठीशी होता. ॲक्सेंचर या कंपनीने तांत्रिक साहाय्य दिले आणि २००५ मध्ये चार शाळा व १४५ विद्यार्थी घेऊन अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे देशभर शंभराहून अधिक संगणक केंद्रे उभी राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या अभ्यासक्रमाला ‘ई-लर्निंग’ म्हटले गेले, तरी इंटरनेटवर त्याची भिस्त नव्हती. पाठ सीडीवर दिलेले असत, संगणक जवळच्या रुग्णालयात किंवा शाळेत ठेवलेले असत, आणि नर्स पाळी संपल्यावर तेथे जाऊन अभ्यास करीत असे. प्रात्यक्षिकासाठी ठराविक काळ मोठ्या रुग्णालयात जावे लागे आणि शंका विचारण्यासाठी मार्गदर्शक नेमलेले असत. ज्यांनी कधी कळफलकाला हात लावला नव्हता अशा चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना आधी संगणक उघडणे-मिटणे शिकवावे लागले. म्हणजे योजना आखणाऱ्यांनी केनियात काय नाही हे आधी पाहिले आणि मग काय वापरायचे ते ठरविले.

याहून महत्त्वाचे म्हणजे परीक्षा परिषदेचीच होती. घरी बसून शिकलेली आणि वर्गात शिकलेली नर्स एकच परीक्षा देई, एकाच नोंदवहीत तिचे नाव चढे, आणि पदविकेबरोबर बढतीचा मार्ग खुला होई. दूरशिक्षणाची पदवी ‘दुय्यम’ मानली जाण्याचा जो शाप आपल्याकडेही परिचित आहे, तो येथे परिषदेच्या एका निर्णयाने टळला. फुकट दिलेले उत्तम पाठ ओस पडतात आणि कष्टाचा अभ्यासक्रम भरून जातो, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की दुसऱ्याच्या शेवटी सेवापुस्तिकेत काही नोंद होते. यात स्वार्थ पाहणाऱ्यांनी रात्रपाळी करून अभ्यास करून पाहावा.

२२ हजारांचे लक्ष्य ठरलेल्या पाच वर्षांत गाठले गेले नाही; नाव नोंदविणाऱ्यांची संख्या काही हजारांत राहिली. शुल्क नर्सलाच भरावे लागे, हे त्याचे एक उघड कारण. पदविकाधारक नर्सना परदेशात मागणी असल्यामुळे शिकविलेल्या नर्स देश सोडून जातील ही धास्तीही होती, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. तरीही शंभर वर्षांच्या हिशेबापुढे काही हजार नर्स ही लहान गोष्ट नाही. शेजारच्या युगांडा, टांझानिया आणि झांबियानेही पुढे हीच वाट धरली. आम्रेफने २०१३ च्या सुमारास त्याखालच्या पायरीवरील गावपातळीच्या आरोग्यसेवकांसाठी ‘लीप’ ही योजना आणली. तिचे पाठ साध्या भ्रमणध्वनीवर लघुसंदेश आणि ध्वनिमुद्रणाच्या रूपाने येत, आणि ते स्वाहिलीतही असत.

अदिस अबाबा ते हैदराबाद

भारताचा प्रवेश या क्षेत्रात मोठ्या थाटाने झाला. सप्टेंबर २००४ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी जोहान्सबर्ग येथे अखिल आफ्रिकी संसदेपुढे बोलताना संपूर्ण खंडाला उपग्रह व सागरी तारांनी भारताशी जोडण्याची कल्पना मांडली. विद्यापीठांनी शिकवावे, रुग्णालयांनी सल्ला द्यावा आणि खर्च भारताने सोसावा, अशी ती योजना. आफ्रिकी संघाशी करार झाला आणि जुलै २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे ५४३ कोटी रुपये मंजूर केले. उभारणीचे काम टीसीआयएल या सरकारी कंपनीकडे होते.

त्याआधी इथिओपियात लहान प्रमाणावर चाचणी घेण्यात आली. अदिस अबाबातील ब्लॅक लायन रुग्णालय हैदराबादच्या केअर रुग्णालयाशी जोडले गेले. ही निवड सहजगत्या झाली असे वाटत नाही. कलाम यांची क्षेपणास्त्र कार्यक्रमातील वर्षे याच शहरात गेली होती, आणि केअरचे संस्थापक डॉ. बी. सोमा राजू यांच्यासमवेत त्यांनी १९९० च्या दशकात कमी किमतीचा हृदयाचा स्टेंट तयार केला होता. दोघांचाही भर स्वस्त आणि दूरवर नेता येण्याजोग्या साधनांवर होता.

मुख्य योजनेचे उद्घाटन २६ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते नवी दिल्लीत झाले. दुसरा टप्पा ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाला. सेनेगलमधील डाकार येथे उपग्रह केंद्र होते, तेथून दिल्लीपर्यंत समुद्राखालची तार. प्रत्येक देशात एक शिक्षणकेंद्र, एक रुग्णालय आणि राष्ट्रप्रमुखांसाठी एक संवादकक्ष अशी आखणी होती. राष्ट्रप्रमुखांचा कक्ष कशासाठी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण मोठ्या सरकारी योजनांना अशा मानाच्या खुर्च्या ठेवाव्याच लागतात. भारतातील बारा रुग्णालयांतून एप्रिल २००९ पासून निरंतर वैद्यकीय शिक्षणाची व्याख्याने नियमित सुरू झाली. पुढील आठ वर्षांत त्यांची संख्या हजारांत गेली. प्रत्यक्ष रुग्ण पुढे ठेवून झालेली सल्लामसलत मात्र शेकड्यांतच राहिली.

या विषमतेत योजनेचे बळही दिसते आणि मर्यादाही. व्याख्यान भरविणे सोपे असते. वक्ता ठरतो, वेळ ठरते, दिवा लागतो, कार्यक्रम पार पडतो. रुग्णाविषयी सल्ला घ्यायचा तर पलीकडच्या डॉक्टरला आपली अडचण चारचौघांत कबूल करावी लागते, रुग्णाचे कागद आणि चित्रे तयार ठेवावी लागतात, आणि मिळालेला सल्ला त्याच्या रुग्णालयात जी औषधे व यंत्रे आहेत त्यांत बसावा लागतो. दिल्ली-हैदराबादचा अतिविशेषज्ञ ज्या तपासण्या गृहीत धरतो, त्या पलीकडे नसतील तर उत्तम व्याख्यानही ऐकून विसरण्याचे ठरते. घड्याळाची अडचण निराळीच. दिल्लीतील दुपारचे दोन म्हणजे डाकारमधील सकाळचे साडेआठ, नेमकी रुग्णांची रांग लागण्याची वेळ.

आणि भाषा. आफ्रिकेतील अनेक देशांत वैद्यकाची भाषा फ्रेंच आहे, काहींत पोर्तुगीज. भारतीय डॉक्टरांचे इंग्रजी तेथे पोहोचत नव्हते. म्हणून फ्रेंचमधूनही व्याख्याने ठेवण्यात आली. परंतु फ्रेंच जाणणारे भारतीय विशेषज्ञ असणार किती?

हा प्रश्न हैदराबादेला नवा नाही. १८४६ मध्ये निजाम नासिरुद्दौला यांच्या काळात रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक डॉ. विल्यम कॅम्बेल मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली येथे जे वैद्यकीय विद्यालय निघाले, त्यात पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकविले जात होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातही १८६० च्या दशकात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग चालले. उद्देश तोच होता : जिल्ह्यातील दवाखान्यांसाठी माणसे हवीत, आणि ती इंग्रजी शिकेपर्यंत रोग थांबत नाहीत. हैदराबादेत १८८० च्या दशकात इंग्रजी आली. पुढे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकासह उच्च शिक्षण पुन्हा उर्दूत आणले. त्यासाठी १९१७ मध्येच अनुवादाचे खाते, दारुत्तर्जुमा, उघडले होते. तेथील मौलवी वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये ‘वज़ए इस्तिलाहात’ हा परिभाषा कशी घडवावी याविषयीचा ग्रंथच लिहिला. १९४८ नंतर हे माध्यम संपुष्टात आले. आफ्रिकेसाठी योजना आखणाऱ्यांना या शहरातील अनुभव आठवला असेल असे दिसत नाही; आठवला असता तर यंत्रांच्या यादीत अनुवादकांची एखादी ओळ चढली असती.

पहिली योजना २०१७ मध्ये थांबली. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी ‘ई-विद्याभारती’ आणि ‘ई-आरोग्यभारती’ या नावांनी दुसरी सुरू केली. या वेळी उपग्रहाऐवजी साधे इंटरनेट होते. दरवर्षी एक हजार डॉक्टर, नर्स आणि सहायक कर्मचाऱ्यांना पाच वर्षे मोफत निरंतर शिक्षण देण्याचा संकल्प जाहीर झाला. त्यात नर्सचे नाव स्पष्टपणे आले, हे दहा वर्षांत झालेले लहानसे पण खरे परिवर्तन होय.

रुग्ण आधी, व्याख्यान नंतर

व्याख्यानाऐवजी रुग्णापासून आरंभ करण्याची पद्धत अमेरिकेतील एका गरीब राज्यातून पुढे आली. न्यू मेक्सिको विद्यापीठातील डॉ. संजीव अरोरा हे भारतात जन्मलेले यकृतविकारतज्ज्ञ. हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना त्यांच्या दवाखान्यात यायला आठ-आठ महिने थांबावे लागे आणि शेकडो मैलांचा प्रवास करावा लागे. २००३ मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केले. ठराविक दिवशी गावोगावचे डॉक्टर आणि नर्स पडद्यावर एकत्र येत, प्रत्येक जण आपला रुग्ण नाव न सांगता मांडी, इतर मत देत, आणि शेवटी तज्ज्ञ बोलत. रुग्ण गावच्या डॉक्टरचाच राही. याचा परिणाम मोजला गेला. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या दवाखान्यातील ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले होते, आणि गावांत व तुरुंगांत या पद्धतीने उपचार घेतलेले ५८.२ टक्के. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. भारतात बंगळुरूच्या निम्हान्सने ती मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीसाठी स्वीकारली.

इस्लामी वैद्यकाच्या इतिहासाचा ज्यांना परिचय आहे, त्यांना येथे अबू बक्र अल-राज़ी यांच्या मजलिसीची आठवण होईल. दहाव्या शतकातील ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम यांनी तिचे वर्णन नोंदवून ठेवले आहे. राज़ींभोवती शिष्य, त्यांच्यामागे त्यांचे शिष्य, त्यांच्याही मागे आणखी. आलेला रुग्ण आपली तक्रार आधी सर्वांत बाहेरच्या कड्याला सांगे. त्यांना उलगडा झाला नाही तर ती आतल्या कड्याकडे जाई, आणि सर्वांनी हात टेकले तरच राज़ी स्वतः बोलत. म्हणजे उस्तादाचा शब्द शेवटचा असे, पहिला नव्हे. यावरून सारे काही आपल्याकडे आधीच होते असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल, डॉ. अरोरा यांना ही पद्धत राज़ींकडून मिळाली असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. इतकेच म्हणता येईल की जेथे रुग्ण खरा असतो आणि बाहेरच्या कड्याला बोलू दिले जाते, तेथे शिकणे होते, हे दोन्ही ठिकाणी कळले होते. ज्यांना वर्गात फक्त बोलण्याची सवय जडली आहे अशा अध्यापकांसाठी, विषय कोणताही असो, हे कठीणच आहे.

महामारी आणि शब्द

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०१७ मध्ये ‘ओपन डब्ल्यूएचओ’ हे मोफत ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ उघडले होते. इबोलाच्या साथीत माहिती वेळेवर न पोहोचल्याने जे नुकसान झाले, त्याचा अनुभव त्यामागे होता. जानेवारी २०२० अखेरीस, रोगाला कोविड-१९ हे नावही मिळालेले नसताना, नव्या करोना विषाणूवरचा पहिला पाठ तेथे आला. पुढे या विषयावरील पाठ पन्नासहून अधिक भाषांत उपलब्ध झाले. पाठ मुद्दाम हलके ठेवले होते : चित्रपट्टी उतरत नसेल तर केवळ आवाज किंवा लिखित मजकूर घेता येई. भारतातही केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये ‘आयगॉट दीक्षा’ या नावाने डॉक्टर, नर्स आणि इतर आघाडीच्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन पाठ खुले केले. जागतिक आरोग्य संघटनेने आपले हे काम नंतर ‘डब्ल्यूएचओ अकादमी’कडे सोपविले, फ्रान्समधील लियों येथील तिच्या वास्तूचे उद्घाटन डिसेंबर २०२४ मध्ये झाले.

त्या पाठांच्या यादीत स्वाहिली, अम्हारिक आणि सोमाली यांच्याबरोबर उर्दू आणि मराठीही होत्या. अदिस अबाबातील आरोग्यसेविका आणि हैदराबादेतील तिची भगिनी यांना एकच धडा आपापल्या भाषेत वाचता येण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग. पण त्याबरोबर वहीदुद्दीन सलीम यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्नही परत आला. रोग्याला वेगळे ठेवणे आणि रोग झाल्याचा केवळ संशय असलेल्याला वेगळे ठेवणे, या वैद्यकाच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी. उर्दूजवळ दुसऱ्या गोष्टीसाठी ‘क़रंतीना’ हा जुना, रुळलेला शब्द होता. मराठीत पहिल्यासाठी ‘विलगीकरण’ आणि दुसऱ्यासाठी ‘अलगीकरण’ असा भेद सरकारी कागदांवर झाला. बोलण्यात मात्र दोन्हींना ‘विलगीकरण’च म्हटले गेले, आणि दारावर उभी असलेली आशा कार्यकर्ती घरातल्या माणसांना ‘क्वारंटाइन’ असे सांगून पुढच्या दाराकडे गेली.